हात आणि चाकं यांच्यामधलं रबर

सरळ रस्त्यावर गाडी आपोआप डावी-उजवीकडे भटकते. स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाकं दाद देत नाहीत आणि मग एकदम वळतात. खड्ड्यातून गेलं की कॉलममधून ‘टक्’ असा आवाज येतो. अशी तक्रार घेऊन गेलात की पहिला इलाज बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो, तो म्हणजे व्हील अलाइनमेंट. अलाइनमेंट होते, पैसे जातात आणि गाडी होती तशीच राहते. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत हा दोष पुष्कळदा एका छोट्या भागात असतो. स्टिअरिंग कॉलमचं खालचं टोक आणि रॅकचा पिनियन यांना जोडणारं, मेदूवड्याच्या आकाराचं रबरी कपलिंग झिजलेलं असतं. तुमच्या हाताचा प्रत्येक हुकूम चाकांपर्यंत याच रबरातून जातो, दुसरी वाट नाही. म्हणून हे काम नीट समजून घ्यावं, आणि ते दुसऱ्याकडून करून घेणार असाल तरी शेजारी उभं राहून करून घ्यावं.

इथे मी उदाहरण घेतोय ट्रायम्फ घराण्याचं. आपल्याकडे खरीखुरी ट्रायम्फ स्पिटफायर क्वचित दिसते, पण तिची थोरली बहीण स्टँडर्ड हेरल्ड एके काळी भरपूर होती आणि हौशी लोकांनी आजही जपून ठेवली आहे. हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती १९६१पासून भारतात बनवली. स्पिटफायर १९६२ची. हेरल्डचीच चॅसी आखूड करून ती उभी केली आणि दोन्हींची बॉडी जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने रेखाटली. त्यामुळे स्टिअरिंगची मूळ रचना दोघींची एकच आहे. बॉनेट अख्खं पुढे उलटतं, रॅक आणि कॉलम समोर उघडे पडतात. इतकी मोकळी जागा आजच्या कुठल्याही गाडीत मिळत नाही. दुसऱ्या गाड्यांत तपशील बदलेल, पण तपासणीची रीत आणि जोडणीचे नियम तेच. मारुती जिप्सीच्या स्टिअरिंग शाफ्टमध्येही रबरी जॉइंट असतो, त्यामुळे जिप्सीवर हात बसलेला मेकॅनिक हे काम चटकन ओळखतो. फक्त जिप्सीचा जॉइंट हेरल्डला बसवायचा मोह त्याला होऊ देऊ नका.

मुळात तिथे रबर घातलं कशाला? सरळ लोखंडी जोड दिला असता तर रस्त्याचा प्रत्येक धक्का आणि इंजिनाचा प्रत्येक थरकाप हातात आला असता. शिवाय कॉलम बॉडीला धरलेला आणि रॅक चॅसीला. गाडी चालताना या दोघांत किंचित हालचाल होत राहते, दोन्हींची रेषा तंतोतंत जुळत नाही. ती तफावत रबर पोटात घेतं. पण रबराला वय असतं. इंजिनाची उष्णता, वरून ठिबकणारं ऑइल आणि हवेतला ओझोन यांनी ते आधी कडक होतं, मग तडकतं, आणि शेवटी बोल्टाच्या भोकांपाशी फाटायला लागतं. गाडी वर्षानुवर्षं उभी असली तरी हे चुकत नाही.

मीरा-भाईंदरमध्ये त्यात आणखी एक भर पडते. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं. ही खारी हवा लोखंडाला सोडत नाही. कपलिंगच्या दोन्ही बाजूंचे लोखंडी काटे स्प्लाइनच्या दात्यांवर गंजून घट्ट बसतात. पावसाळ्यात मीरा रोडला साचलेल्या पाण्यातून एकदा गाडी गेली की त्या दात्यांत शिरलेला ओलावा महिनोनमहिने तिथेच राहतो. पुण्यात किंवा नाशिकमध्ये हाताने निघून येणारा भाग भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात दोन दिवस हटून बसतो, तो यामुळे. याची तयारी ठेवूनच कामाला लागावं.

पण पान्याला हात लावण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते शोधायचं. स्टिअरिंगमधली ढिलाई पाच-सहा जागी लपू शकते आणि कपलिंग बदलूनही ती तशीच राहिली तर मेहनत वाया. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एक माणूस आत बसून स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवेल. चाकं वळवायची नाहीत, फक्त ढिलाई संपेपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. दुसऱ्याने बॉनेट उघडून एक बोट कपलिंगच्या वरच्या काट्यावर आणि दुसरं खालच्या काट्यावर ठेवायचं. हे बोटांना जितकं स्पष्ट कळतं तितकं डोळ्यांना कळत नाही. वरचा काटा हलतो आणि खालचा उशिरा जागा होतो, मधलं रबर पिळतं किंवा बोल्ट भोकात लटकतो, तर दोष कपलिंगचा. दोन्ही काटे एकदम हलतात पण रॅकमधून बाहेर येणारा टाय रॉड हलत नाही, तर रॅक आतून झिजलेला आहे. अख्खा रॅकच डावी-उजवीकडे सरकताना दिसला तर त्याला यू-बोल्टाखाली धरणारे रबरी माउंटिंग गेले. हेरल्ड-स्पिटफायरमध्ये हा दोष कपलिंगइतकाच नेहमीचा आहे आणि दोन्ही एकदमच सापडतात. टाय रॉड हलतो पण चाक हलत नाही, तर टाय रॉड एंड. आणि काटा स्वतःच शाफ्टवर खेळत असेल, म्हणजे दाते खाल्ले गेले असतील, तर नुसतं रबर बदलून भागणार नाही, काटाही बदलावा लागेल.

कायद्यात किती ढिलाई चालते? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंग व्हीलवर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले नसावा. त्यावर समाधान मानू नका. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंग व्हीलवर ३० अंश म्हणजे कडेला जवळजवळ १० सेंटिमीटर. जुन्या ट्रकच्या स्टिअरिंग बॉक्सला धरून ते ठीक असेल. रॅक-पिनियनच्या हलक्या गाडीत इतका प्ले असेल तर ती गाडी रस्त्यावर काढू नये. त्याच नियमात स्टिअरिंगच्या जोडण्यांचे बोल्ट आणि पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात असंही म्हटलंय. तो भाग जास्त महत्त्वाचा आहे, पुढे त्याकडे येतोच.

आता नवं कपलिंग कुठून आणायचं? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधाशोध करून काय काय हाती लागतं हे जुन्या गाड्यांच्या मालकांना सांगायला नको. बोल्ट, ब्रॅकेट, दिवे, काच यांसाठी ती पेठ उत्तम. पण जुन्या साठ्यातलं, कागदात गुंडाळलेलं, ‘ओरिजिनल आहे साहेब’ म्हणून मिळणारं रबरी कपलिंग घेऊ नका. पाकीट उघडलेलं नसलं तरी रबर आत म्हातारं झालेलंच असतं. ते वाकवून पाहा, पृष्ठभागावर बारीक रेघा उमटल्या की परत द्या. ब्रिटनमध्ये ट्रायम्फचे भाग आजही नव्याने बनतात आणि टपालाने येतात. त्यावर कस्टम्स ड्यूटी लागते, वेळ लागतो, पण गाडीच्या या एका भागासाठी तो खर्च करावाच. मागवताना गाडीचं मॉडेल आणि साल कळवा, आणि जमलं तर जुनं कपलिंग काढून व्हर्नियरने भोकांमधलं अंतर, रबराची जाडी आणि काट्याच्या आतले दाते मोजून तेही लिहून पाठवा. ज्यांच्याकडे गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आहे, फायबरची बॉडी आणि रेनोचं १.२ लिटर इंजिन असलेली ती छोटी उघडी गाडी, त्यांनी तर मापांवरच विसंबावं. नुसतं नाव सांगून दुकानात भाग मिळणार नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत लेथ आहेत, डाय आहेत, रबर ओतणारे आहेत आणि हात अत्यंत कुशल आहेत. नमुना दाखवला की संध्याकाळपर्यंत तसाच भाग हातात ठेवतील. बुश, गॅस्केट, दाराचं रबर त्यांच्याकडून खुशाल करून घ्या. स्टिअरिंगचं कपलिंग नको. दिसायला सारख्या असलेल्या रबराला पीळ किती सोसतो, बोल्टाच्या भोकापाशी ते फाटतं का, इंजिनाच्या उष्णतेत ते टिकतं का, हे गाळ्यात कुणी तपासलेलं नसतं. कन्व्हेयर बेल्टचा किंवा टायरचा तुकडा गोल कापून बसवण्याची पद्धत तर मी पाहिली आहे आणि तिला माझा साफ विरोध आहे. तसंच काट्याला शाफ्टवर वेल्डिंगचा टाका मारणं. उष्णतेने शाफ्टच्या पोलादाचा गुण जातो, आणि पुढच्या वेळी सगळं कापूनच काढावं लागतं.

रबराऐवजी पॉलियुरेथेनचं कपलिंग किंवा स्टीलचा युनिव्हर्सल जॉइंटही काही लोक बसवतात. पॉलियुरेथेनवर ऑइलचा परिणाम कमी होतो आणि स्टिअरिंग थोडं चपळ वाटतं. युनिव्हर्सल जॉइंटने ढिलाई पूर्ण जाते, पण रस्त्याचा सगळा मार थेट रॅकच्या दात्यांवर आणि तुमच्या मनगटांवर येतो. आपल्या रस्त्यांवर मी रबरच निवडेन. आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली, ज्यात नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. भारतात हेरल्डचं उत्पादन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबलं, म्हणजे वयाच्या अटीत सगळ्या बसतात. अशा गाडीत मूळ जातीचाच भाग घालणं शहाणपणाचं.

काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही काट्यांच्या क्लॅम्पवर आणि बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रबरावर जायला नको म्हणून कापड गुंडाळा. इंची पाने जवळ ठेवा. ब्रिटिश गाडीच्या बोल्टावर मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच झटक्याला कोपरे गोल करतो. दुसऱ्या दिवशी पुढची चाकं अगदी सरळ करा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग ब्रशने पांढऱ्या ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढा: कॉलमच्या शाफ्टवरून वरच्या काट्यावर, रबरावरून खालच्या काट्यावर आणि पिनियनवर. ही रेघ नसेल तर जोडताना एक दाता इकडेतिकडे होतो आणि गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग वाकडं राहतं. आतून स्टिअरिंग व्हील दोरीने सीटला बांधून टाका. काम चालू असताना कुणी सहज फिरवलं तर सगळा हिशेब चुकतो.

काट्यांचे क्लॅम्प बोल्ट नुसते ढिले करून भागत नाही, ते पूर्ण बाहेर काढावे लागतात. बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून आडवा जातो, म्हणून तो आत असेपर्यंत काटा शाफ्टवरून निघणारच नाही. बोल्ट अर्धा आत ठेवून वरून हातोडा मारणं हा या कामातला सर्वांत नेहमीचा अपराध आहे. त्याचा मार थेट रॅकच्या पिनियनवर आणि त्याच्या बेअरिंगवर बसतो, आणि शंभर रुपयांचं काम रॅक उघडण्यापर्यंत जातं. बोल्ट निघाल्यावर काट्याच्या चिरेत एक जाड स्क्रू ड्रायव्हर हलकेच सरकवून चीर केसभर उघडा, स्प्रे मारा, आणि काटा हाताने आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे हलवत ओढा. भाईंदरच्या गंजाला इथे वेळ द्या. एक तास थांबून परत प्रयत्न केला तर जो भाग निघतो तो हातोड्याने निघाला नसता.

काटा मागे सरकायला जागा हवी, ती ट्रायम्फमध्ये कॉलममधूनच मिळते. कॉलम दोन नळ्यांचा, एकात एक सरकणारा आहे आणि दोघांना एक क्लॅम्प धरून ठेवतो. त्यावर दोन बोल्ट आणि मध्ये एलन कीने फिरणारा, लॉकनट असलेला स्क्रू असतो. आधी लॉकनट सोडवा, मग एलन स्क्रू दोन फेरे मागे घ्या, मग बोल्ट ढिले करा. आता शाफ्ट वर सरकतो आणि कपलिंग मोकळं होतं. समोरून धडक बसली तर कॉलम आत दुमडावा आणि ड्रायव्हरच्या छातीत भाल्यासारखा घुसू नये, हाही या रचनेचा उद्देश आहे. म्हणून तिथे कधीही वेल्डिंग, पाचर किंवा जास्तीचा बोल्ट मारून ती पक्की करू नका. जोडताना उलटा क्रम: आधी क्लॅम्पचे बोल्ट घट्ट, मग एलन स्क्रू आत नळीला टेकून दाबेपर्यंत, शेवटी लॉकनट.

जुना भाग बाहेर आला की स्प्लाइनचे दाते पितळी ब्रशने स्वच्छ करा आणि चांगल्या उजेडात पाहा. दाते टोकदार झाले असतील, पिळल्यासारखे तिरके दिसत असतील किंवा गंजाने खड्डे पडले असतील तर तो शाफ्ट परत वापरायचा नाही. सगळं ठीक असेल तर दात्यांवर कॉपर ग्रीसचा पातळ हात फिरवा. पुढच्या वेळी काम करणारा तुम्हाला दुवा देईल. हे ग्रीस रबराला मात्र लावू नका. रबराला काही लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस.

बोल्टांबद्दल थोडं सविस्तर. जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालत नाही. मिलिमीटरच्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ हा आकडा, किंवा इंची बोल्टाच्या डोक्यावर तीन रेघा असतील तर तो हायटेन्साइल. डोकं कोरं असेल तर परत करा. इंची काट्यात मिलिमीटरचा बोल्ट घुसवू नका, आटे जुळल्यासारखे वाटतात आणि अर्ध्या ताणात तुटतात. नट सगळे नवे नायलॉक. एकदा वापरलेल्या नायलॉक नटची पकड गेलेली असते. मूळ जोडणीत बोल्टांना लॉकिंग वायर असेल तर ती पुन्हा नवी घाला. रबराचे बोल्ट आवळताना रबर पिळलं जात नाही ना याकडे लक्ष ठेवा: एक माणूस काटा स्थिर धरेल, दुसरा नट फिरवेल. किती ताणाने आवळायचं तो आकडा त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो; टॉर्क रेंच आणून त्याच आकड्याला आवळा, अंदाज नको.

आणि हॉर्नची वायर. जुन्या ट्रायम्फमध्ये हॉर्नचं अर्थिंग कॉलममधून रॅककडे जातं. मधल्या रबरातून वीज जात नाही, म्हणून कपलिंगच्या दोन्ही बाजूंना जोडणारी एक छोटी वायर असते. ती बहुतेक वेळा जुन्या भागाबरोबर फेकली जाते. मग हॉर्न वाजत नाही आणि मेकॅनिक दोन दिवस रिले आणि फ्यूज शोधत बसतो. नव्या भागाबरोबर वायर आली नसेल तर जुनी साफ करून लावा. दोन्ही टोकं उघड्या धातूवर बसली पाहिजेत, रंगावर नाही.

गाडीखाली गेलाच आहात तर पुढच्या चाकांच्या खालच्या ट्रनियनकडेही बघा. हेरल्ड आणि स्पिटफायरमध्ये चाकाचा उभा दांडा पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो आणि तिथे ईपी ९० गिअर ऑइल लागतं. ते भरायला वापरतात मात्र ग्रीस गन, त्यामुळे आपल्याकडे सर्रास ग्रीस मारलं जातं. ग्रीस आट्यांत आतपर्यंत पोहोचत नाही, पाणी तिथेच अडकतं, दांडा आतून गंजतो आणि एखाद्या वळणावर तुटून चाक आडवं पडतं. खाऱ्या हवेच्या गावात हा धोका दुप्पट. गन धुऊन तिच्यात ऑइल भरा आणि जुना चिखल बाहेर येऊन स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत मारा. कपलिंग बदलण्याइतकंच हे जिवाशी निगडित काम आहे.

जोडणी झाली की पुढची चाकं जॅक आणि स्टँडवर उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. हेरल्डची चाकं फार मोठ्या कोनात वळतात, तिचं वळणाचं वर्तुळ जेमतेम २५ फुटांचं आहे. त्यामुळे कपलिंगचे बोल्ट, ब्रेकचे पाइप आणि वायरी कुठे घासतात का हे टोकाला नेऊनच कळतं. कुठेही अडकणं किंवा जड होणं जाणवलं तर काटा आत जास्त गेला आहे किंवा शाफ्टची रेषा चुकली आहे. मग प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर पेंटची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे नुसत्या नजरेने कळतं.

पहिली फेरी गाळ्यांच्या आवारात, चालण्याच्या वेगाने, हॉर्न आणि ब्रेक तपासत. दुसरी भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्यावर, सकाळी लवकर, जिथे वळणं आहेत आणि वेग बेताचा ठेवता येतो. काशिमिऱ्याच्या नाक्यावरून थेट महामार्गावर किंवा घोडबंदरच्या घाटात कंटेनरच्या गर्दीत पहिल्याच दिवशी जाऊ नका. परत आल्यावर बॉनेट उघडून पेंटच्या रेघा पाहा. साधारण १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, कारण नवं रबर थोडं बसतं. स्टिअरिंग व्हील सरळ रस्त्यावर वाकडं राहत असेल तर कपलिंग पुन्हा उघडण्याआधी व्हील अलाइनमेंट करून घ्या. आता मात्र ती करायची वेळ आलेली असते. त्यानंतर दर वर्षी दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, दोन बोटं त्या दोन काट्यांवर ठेवून कुणाला तरी आत बसून स्टिअरिंग हलवायला सांगा.